वादसभा न झालेली निवडणूक : १९६९चे तीन उमेदवार आणि त्यांचे राजीनामे



आपट्याला यायचं म्हणून मी मुद्दाम रेल्वेनं आलो. फलाटावर दोन तरुण मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढत होते. कशासाठी, ते आपटेकरांना सांगायला नको. १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा शेवट या स्टेशनात चित्रित झाला. गाडी सुटलेली, दारातून पुढे केलेला हात आणि धावत येणारी मुलगी. तीन तासांच्या सिनेमातलं बाकीचं विसरलं तरी तेवढं चित्र लोकांच्या मनात राहिलं. डोळ्यांनी पाहिलेल्याची पकड अशी असते. आजचा विषय आहे सर्वोच्च पदाचे उमेदवार पारखायचे कसे, आणि त्याची सुरुवातही अशाच एका चित्रापासून होते.

२६ सप्टेंबर १९६०. शिकागोतला टेलिव्हिजनचा स्टुडिओ. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार, केनेडी आणि निक्सन, पहिल्यांदाच देशासमोर एकत्र बोलायला उभे राहिले. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्यातून उठले होते. चेहरा ओढलेला, कपडे सैल झालेले. केनेडी ताजेतवाने. दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू झाली : कोण जिंकलं? ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना निक्सन वरचढ वाटले आणि ज्यांनी पडद्यावर पाहिलं त्यांना केनेडी, ही गोष्ट आजही सांगतात. तिला आधार किती भक्कम आहे याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ती टिकली, कारण ती आपल्याबद्दल काहीतरी खरं सांगते.

मला त्या मालिकेतली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. एकूण चार वादसभा झाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या वादसभेत दोघं हिरिरीनं भांडले ते क्वेमॉय आणि मात्सू या चीनच्या किनाऱ्याजवळच्या दोन छोट्या बेटांवरून. केनेडी निवडून आले आणि त्यांची परीक्षा झाली ती क्यूबात. एप्रिल १९६१मध्ये त्यांच्या संमतीनं झालेला क्यूबावरचा हल्ला साफ फसला. ऑक्टोबर १९६२मध्ये क्षेपणास्त्रांच्या पेचात त्याच माणसानं संयम दाखवला आणि जग अणुयुद्धाच्या काठावरून मागे आलं. यांपैकी कशाचाही अंदाज त्या चार रात्रींत कुणालाही आला नव्हता. वादसभेत वक्तृत्व दिसतं, हजरजबाबीपणा दिसतो, घाम दिसतो. निर्णयबुद्धी दिसेलच असं नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत अशी वादसभा होतच नाही. मतदार आपण नसतो, खासदार आणि आमदार असतात. २०१२मध्ये पी. ए. संगमांनी प्रणव मुखर्जींना जाहीर चर्चेचं आव्हान दिलं होतं, पण ती चर्चा झाली नाही. मग इतिहासाच्या विद्यार्थ्यानं उमेदवारांची तुलना कशाच्या आधारे करायची? माझं म्हणणं असं, की आधार आहे, आणि तो भाषणापेक्षा जास्त भरवशाचा आहे. त्यासाठी १९६९ची निवडणूक घेऊ. हीच का, तर त्या तीन प्रमुख उमेदवारांपैकी एक आपल्या जिल्ह्याचे होते. याच रुळांवरून पुढे गेलं की रोहा लागतं. रोह्याच्या देशमुखांचे चिंतामणराव, म्हणजे सी. डी. देशमुख. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडजवळच्या नाते गावचा.

आधी प्रसंग सांगतो. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. पक्षातल्या जुन्या मातब्बरांनी, ज्यांना तेव्हा ‘सिंडिकेट’ म्हणत, नीलम संजीव रेड्डींचं नाव लावून धरलं आणि बहुमतानं मंजूर करून घेतलं. रेड्डींच्या बाजूनं मत देणाऱ्यांत आपली दोन माणसं होती, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण. पाटील सिंडिकेटचेच. चव्हाणांचं मत मात्र इंदिराबाईंना अनपेक्षित होतं.

पुढचे दिवस बघा कसे गेले. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडचं अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. संसदेचं अधिवेशन दोनच दिवसांवर, २१ जुलैवर आलं होतं. अध्यादेशावर सही गिरींची. आणि २० जुलैला गिरींनी पद सोडलं, कारण ते स्वतः अपक्ष म्हणून निवडणूक लढवणार होते. सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतिपद सांभाळायला बसले. रेड्डी लोकसभेचे सभापती होते, त्यांनीही पद सोडलं. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी तिसरा उमेदवार दिला, चिंतामणराव देशमुख.

या तिघांच्या मागच्या आयुष्याकडे पाहिलं तर एक विलक्षण गोष्ट दिसते. तिघांनीही पूर्वी एकेकदा मोठं पद सोडलेलं होतं. वादसभा झाली नाही, पण या तीन राजीनाम्यांची कागदपत्रं शेजारी ठेवली की वादसभाच होते. ती आज आपण ऐकू.

पहिला राजीनामा गिरींचा, १९५४चा. गिरी मूळचे कामगार चळवळीतले, ‘आयटक’चे दोनदा अध्यक्ष झालेले. नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते कामगारमंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराबद्दल कामगार अपील न्यायाधिकरणानं निवाडा दिला. सरकारनं तो जसाच्या तसा न स्वीकारता कर्मचाऱ्यांना मिळणारं काही कमी केलं. गिरींचं म्हणणं होतं, की न्यायाधिकरण आपणच नेमायचं आणि निवाडा न आवडला की बदलायचा, हे चालणार नाही. त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्या सरकारात अर्थमंत्री कोण होते? चिंतामणराव देशमुख! म्हणजे १९६९चे दोन प्रतिस्पर्धी पंधरा वर्षं आधी बँकांच्याच प्रश्नावर एका टेबलाच्या दोन बाजूंना होते. गिरी गेल्यावर सरकारनं तो प्रश्न चौकशी आयोगाकडे सोपवला. तो आयोग न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी सुरू केला आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी पुरा केला. एका माणसाच्या राजीनाम्यानं बंद केलेली फाइल पुन्हा उघडली, असा त्याचा अर्थ.

दुसरा राजीनामा देशमुखांचा, १९५६चा. हा आपल्याला पाठ असतो, पण थोडा अर्धवट. देशमुखांची कामगिरी सांगायला वेगळं व्याख्यान लागेल. १९१२च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिले. १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४मध्ये ब्रेटन वूड्सच्या परिषदेत. १९५०मध्ये अर्थमंत्री आणि १९५२मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर. तेव्हा आपला जिल्हा कुलाबाच होता, रायगड हे नाव १९८१मध्ये आलं.

१६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असं जाहीर केलं. मुंबई पेटली, गोळीबार झाले, माणसं मेली. देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. तो प्रत्यक्षात आला मात्र जुलैत. मधल्या सहा महिन्यांत त्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण मार्गी लावलं. जुलैत लोकसभेत उभं राहून त्यांनी कारणं सांगितली. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळासमोर रीतसर आलाच नाही, आणि गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. नेहरूंनी हे आक्षेप मान्य केले नाहीत. पण आक्षेप सभागृहाच्या नोंदीत गेले. देशमुख पुन्हा कधी मंत्री झाले नाहीत.

या राजीनाम्यावर टीकाही करता येते, आणि ती आपण करायला हवी. जानेवारीत माणसं मरत असताना दिलेला राजीनामा जुलैपर्यंत का थांबला? अर्थसंकल्प पुरा करण्याची जबाबदारी हे उत्तर एका प्रशासकाला शोभणारं आहे. पण लोकांच्या बाजूनं पाहिलं तर सहा महिने फार होतात. आपल्या माणसालाही हा प्रश्न विचारता आला पाहिजे.

तिसरा राजीनामा रेड्डींचा, १९६४चा. ते आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री होते. कर्नूल भागातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मुख्यमंत्र्यांवर सूडबुद्धीचा आरोप होता आणि त्याला त्यांनी स्वतः प्रतिज्ञापत्रावर उत्तर दिलं नव्हतं. न्यायालयानं त्यावर प्रतिकूल मत नोंदवलं. पद सोडा असा काही न्यायालयाचा हुकूम नव्हता. रेड्डींनी तरी सोडलं. चांगली गोष्ट. पण काही महिन्यांतच ते शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळात केंद्रीय मंत्री झाले, हेही जमेला धरायला हवं.

अशा राजीनाम्यांना गुण द्यायचे कसे? मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, सोडताना खरोखर काय गमावलं? दुसरा, कारण उघडपणे, नोंदीवर, ज्यांना उत्तर देता येईल त्यांच्या तोंडावर सांगितलं का? आणि तिसरा, सगळ्यांत कठीण : ज्या तत्त्वासाठी पद सोडलं ते तत्त्व पुढे स्वतःच्या सोयीच्या आड आलं तेव्हाही पाळलं का?

पहिल्या प्रश्नावर देशमुख पुढे, कारण त्यांची सत्ता कायमची गेली. दुसऱ्या प्रश्नावर देशमुख आणि गिरी दोघंही चांगले. तिसऱ्या प्रश्नाशी आलो की मात्र तिघंही अडखळतात, आणि अडखळतात ते १९६९मध्येच.

गिरींचं घ्या. १९५४मध्ये त्यांचा आग्रह होता की रीत पाळली पाहिजे, सरकारनं आपल्या सोयीनं निवाडा बदलू नये. १९६९मध्ये अधिवेशन दोन दिवसांवर असताना ते अध्यादेशावर सही करतात आणि दुसऱ्या दिवशी उमेदवार म्हणून बाहेर पडतात. पुढे पंतप्रधान त्यांच्याच मागे उभ्या राहतात. सही घटनेनुसारच होती. पण जो उद्या उमेदवार आहे त्यानं आज ही सही करावी का? १९५४च्या गिरींनी हा प्रश्न नक्की विचारला असता.

रेड्डींचं घ्या. १९६७मध्ये सभापती झाल्यावर सभापती निःपक्ष हवा म्हणून त्यांनी पक्षाचं सदस्यत्व सोडलं. फार थोड्या सभापतींनी हे केलं आहे. दोनच वर्षांनी ते त्याच पक्षाचे उमेदवार म्हणून उतरले, तेही पक्षातल्या एका गटाचे.

आणि आपल्या चिंतामणरावांचं घ्या. १९५५मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली तेव्हा ते अर्थमंत्री. १९५६चं विमा राष्ट्रीयीकरण त्यांचंच. १९६९मध्ये बँकांच्या राष्ट्रीयीकरणावरून देश ढवळून निघालेला असताना ते ज्या दोन पक्षांचे उमेदवार झाले, ते दोन्ही पक्ष राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात होते. बँक खटला लढवणारे रुस्तम कूपर स्वतंत्र पक्षाचेच. शिवाय काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांना भेटले ते त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी म्हणून. म्हणजे देशमुखांच्या नावावर पडणारं मत पुढे रेड्डींकडे जाणार, हा हिशेब मतदानाआधीच मांडला जात होता. विद्वत्तेत आणि कारभारात तिघांत श्रेष्ठ असलेला माणूस या मांडणीत आकडा जुळवायची पायरी झाला. १९५६मध्ये ज्यानं ‘मला विचारलं नाही’ म्हणून पद सोडलं, त्यानं १९६९मध्ये आपला उपयोग कशासाठी होतोय हे जास्त कठोरपणे तपासायला हवं होतं, असं मला वाटतं.

निजलिंगप्पांच्या त्या भेटीचंच निमित्त करून इंदिरा गांधींनी पक्षाचा आदेश न मानता सदसद्विवेकबुद्धीनं मत द्या, असं आवाहन केलं. १६ ऑगस्टला मतदान झालं, २०ला मोजणी. एकूण पंधरा उमेदवार. मतांचं एकूण मूल्य ८,३६,३३७, आणि जिंकायला ४,१८,१६९ हवीत. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोटा कुणीच गाठला नाही. खालचे उमेदवार एकेक बाद होत गेले, त्यांची मतं दुसऱ्या पसंतीनुसार वाटली गेली. त्यातली सुमारे ९२ हजार रेड्डींकडे गेली, साडेअठरा हजार गिरींकडे. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. गिरी कोट्याच्या वर गेले ते फक्त १,९०८नं. एका खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ५७६ होतं, म्हणजे तीन-चार खासदारांचा फरक. दुसऱ्या पसंतीवर निकाल लागलेली ही आजवरची एकमेव राष्ट्रपतिपदाची निवडणूक आहे.

महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य होतं १४६. पनवेलचे आमदार होते दि. बा. पाटील. तुमच्या भागाचं १४६ एवढं वजन त्यांनी कुणाच्या पारड्यात टाकलं? मतदान गुप्त होतं, त्यामुळे तो कागद कायमचा बंद आहे. आणि ते बरोबरच आहे.

प्रचारात वादसभा नव्हती, पण चिखल होता. रेड्डींची बदनामी करणारं निनावी पत्रक खासदारांत वाटलं गेलं. निवडणुकीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला हजर राहिले. १९७०मध्ये याचिका फेटाळली गेली. पदाचं कवच न वापरता उलटतपासणीला सामोरं जाणं, ही गिरींची मला आवडणारी बाजू. अध्यादेशाच्या सहीचे गुण कापले असतील तर या साक्षीचे द्यायलाच हवेत.

इथे मला आजचा मुद्दा सांगायचा आहे. गुण माणसाला देऊ नका, निर्णयाला द्या. १९५४चे गिरी आणि १९६९चे गिरी एकच, पण निर्णय दोन. रेड्डी १९७७मध्ये बिनविरोध राष्ट्रपती झाले. १९७९मध्ये त्यांनी जगजीवनरामांना सरकार बनवायची संधी न देता लोकसभा विसर्जित केली. म्हणजे दहा वर्षांपूर्वी ज्या नावाला मागे सारून रेड्डींचं नाव पुढे आलं, तेच नाव पुन्हा त्यांच्यासमोर आलं होतं. त्या निर्णयावर आजही वाद चालतो. चांगला निर्णय एकदा घेतला की पुढचे सगळे चांगलेच होतात, अशी हमी कुणाच्याच चरित्रात मिळत नाही.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्ध बोलतो. पद सोडणं हीच कसोटी मानली तर यशवंतराव चव्हाण नापास होतील. १९५६मध्ये त्यांनी राजीनामा दिला नाही, नेहरूंची बाजू सोडली नाही. लोकांनी त्यांना काय काय म्हटलं, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि आतून काम करत राहिले. १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला त्यात रस्त्यावर प्राण देणाऱ्यांचा, देशमुखांच्या राजीनाम्याचा आणि चव्हाणांच्या राहण्याचाही वाटा आहे. म्हणून कसोटी ‘सोडलं की नाही’ एवढीच ठेवू नका. राहिला असेल तर राहून काय केलं, हे विचारा. १९६९च्या चव्हाणांनाही हाच प्रश्न लावा. बंगळूरला मत रेड्डींना, आणि नोव्हेंबरात पक्ष फुटला तेव्हा साथ इंदिराबाईंना. राहण्यातही निर्णय असतो आणि त्यालाही गुण द्यावे लागतात.

हे सगळं आपट्यात का सांगायचं? दिल्लीतल्या निवडणुकीत आपल्याला मत नाही. पण सरपंच आता थेट लोकांतून निवडला जातो. २०१७मध्ये हा बदल आला, २०२०मध्ये रद्द झाला, २०२२मध्ये पुन्हा आला. म्हणजे एका पदासाठी एक माणूस निवडायचा, गावचा राष्ट्राध्यक्षच म्हणा ना, हा अधिकार तुमच्या हातात आहे. सभा होतील, स्पीकर लागतील, कुणाचं भाषण रंगलं आणि कुणाची बोबडी वळली याची पारावर दोन दिवस चर्चा होईल. व्हायला हरकत नाही, मलाही ती आवडते. पण त्यानंतर आपले तीन प्रश्न काढा. या माणसानं आजवर कशावर पाणी सोडलं? कारण ग्रामसभेत, इतिवृत्तात येईल असं सांगितलं, की नाक्यावर कुजबुजला? आणि स्वतःच्या भावकीचा प्रश्न आला तेव्हा तोच नियम लावला का?

चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ला हैदराबादेत गेले. रोह्याकडे जाणारी गाडी तुमच्या स्टेशनातून सुटते तेव्हा त्यांची आठवण जरूर काढा. पण आपल्या जिल्ह्याचे म्हणून त्यांना दहापैकी दहा देऊ नका. १९५६ला मी त्यांना आठ देईन, जानेवारी ते जुलैचे दोन कापून. १९६९ला किती द्यायचे ते तुम्ही ठरवा, आणि ठरवताना कारण मोठ्यानं सांगा, म्हणजे शेजारच्याला ते खोडता येईल.